पुरळ नसेचं, की नसेवरच्या उपायांचं?

प्रश्न विचारणाऱ्या ताई ५२ वर्षांच्या, राहायला सिंहगड रोडला. तीन वर्षांपूर्वी कमरेतली गादी सरकली, ऑपरेशन झालं, पण उजव्या पायातली आग आणि मुंग्या काही गेल्या नाहीत. रात्री नसेच्या दुखण्यावरची प्रीगॅबालिन आणि नॉरट्रिप्टिलिनची एकत्र गोळी, दिवसा कमरेला पट्टा, फारच ठणकलं तर शेक आणि कुठलं तरी जेल. गेले पाच महिने अंगावर पुरळ येतंय. कधी कमरेवर, कधी मांडीवर, कधी हातांवर आणि गळ्याशी. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल. त्वचेच्या डॉक्टरांनी ‘अ‍ॅलर्जी’ म्हणून गोळ्या दिल्या, न्यूरोचे डॉक्टर म्हणाले आमच्या औषधाचं हे नाही, आणि घरचे म्हणतात पित्त उठतंय, आमसुलाचं पाणी लाव. ताईंनी शेवटी विचारलंय, “नसेचं दुखणं आता कातडीपर्यंत पोचलंय का?”

ताई, मी पुण्यात २४ वर्षं त्वचेचीच प्रॅक्टिस करते. न बघता निदान करणार नाही, फोटोवरूनही नाही. पण तुमच्यासारखे पेशंट माझ्याकडे महिन्यातून दोन-चार तरी येतात, आणि त्यांच्या बाबतीत मी कसा विचार करते ते सांगू शकते.

पहिली गोष्ट, तुम्ही लिहिलंत ‘पुरळ’. हा एक शब्द आपण मराठीत पाच-सात वेगवेगळ्या गोष्टींना वापरतो. गांधी उठल्या तरी पुरळ, घामोळं आलं तरी पुरळ, नायटा झाला तरी पुरळ. तुमचं कमरेवरचं, मांडीवरचं आणि गळ्याशी येणारं एकाच जातीचं आहे असं गृहीत धरून सगळेजण एकच कारण शोधतायत. माझा अनुभव असा की जागा तीन असतील तर कारणंही दोन-तीन निघतात, आणि म्हणूनच एक गोळी कुठेच धड लागू पडत नाही.

आता मूळ प्रश्न. नस आणि कातडीचं नातं आहेच. नसेची टोकं कातडीत असतात, आणि ती चिडली की तिथे अशी द्रव्यं सोडतात ज्यांनी लाली येते, खाज सुटते. पण नुसत्या नसेमुळे अंगभर, जागा बदलत फिरणारं पुरळ येणं हे फार क्वचित. दुखणं आणि पुरळ यांच्या मध्ये बहुतेक वेळा आपण दुखण्यावर केलेले उपाय उभे असतात. शेक, पट्टा, मलम, गोळी, फिरणं, खाजवणं. तपासणीत मी आधी तिकडे बघते.

त्याआधी एक सावधगिरी, कारण हे वाचणारे बाकीचेही असतील. पुरळाबरोबर ताप आला, तोंडात किंवा डोळ्यांत जखमा झाल्या, कातडी खाजण्याऐवजी दुखायला लागली, फोड आले, साल सुटायला लागली, चेहरा सुजला, तर उद्याची अपॉइंटमेंट घेऊ नका, त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जा. कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, लॅमोट्रिजिन, फेनिटॉइन ही नसेच्या दुखण्यावर आणि फिटवर दिली जाणारी औषधं क्वचित, पण जिवावर बेतणारी रिअ‍ॅक्शन देतात. चेहऱ्याच्या नसेच्या कळांवर कार्बामाझेपिन सुरू केलेल्यांनी तर पहिले दोन-तीन महिने डोळ्यांत तेल घालून राहावं. तुमच्या यादीत यातलं काही नाही, तेवढं बरं.

आता तुमच्या मांडीकडे येते. तुम्ही लिहिलंत, मांडीवरचं पुरळ “तपकिरी, जाळीसारखं, खाजत नाही, पण जात नाही.” हे वाचल्यावर मला माझी आई आठवली. गुडघ्यासाठी आणि कमरेसाठी रबराची गरम पाण्याची पिशवी ती रोज रात्री दोन तास घ्यायची, टीव्ही बघता बघता. एकदा तिला अंघोळीला मदत करताना कमरेवर बघितलं तर मासेमारीचं जाळं कातडीवर छापल्यासारखे डाग. मी त्वचेची डॉक्टर, आणि घरात हे दोन वर्षं चाललेलं मला माहीत नव्हतं. भाजेल इतकी उष्णता नसते ही, जरा कमीच असते, पण रोज त्याच जागी मिळत राहिली की खालच्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्याचा नकाशा वर उमटतो. पूर्वी हे शेगडीपाशी बसणाऱ्यांना व्हायचं, आता विजेच्या शेकाच्या पट्ट्यानं होतं, इन्फ्रारेड दिव्यानं होतं, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसणाऱ्या हिंजवडीच्या पोरांनाही होतं. शेक थांबवला तर सुरुवातीचे डाग काही महिन्यांत पुसट होतात, जुने राहतात. वर्षानुवर्षं चालू ठेवलं तर त्या जागी कॅन्सर झाल्याचीही थोडी उदाहरणं आहेत, म्हणून “नुसता डागच आहे” म्हणून सोडायचं नाही.

नसेच्या पेशंटमध्ये याला आणखी एक पैलू आहे. जिथे आग होते तिथेच कातडी बधिरही असते. म्हणजे पिशवी किती गरम आहे हे त्या पायाला कळतच नाही. शेक घ्यायचाच असेल तर आधी चांगल्या बाजूच्या पायावर लावून बघा, मध्ये टॉवेल ठेवा, पंधरा-वीस मिनिटांवर नको, आणि पिशवी पोटाशी घेऊन झोपी जाऊ नका. मधुमेह असलेल्यांच्या बधिर पायांना तर मी शेक पूर्ण बंद करायला लावते.

कमरेवरचं मला पट्ट्याचं वाटतं. पट्टा जाड कापडाचा, आत फोम आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्या, वर साडी किंवा ड्रेस, आणि मे महिन्यातलं पुणं. घाम आत कोंडतो. त्यातून घामोळं येतं, घर्षणानं कातडी सोलवटते, आणि त्या ओलसर जागेत गजकर्ण मुक्काम करतं. पट्ट्याच्या कडेनं गोल किंवा कमानीसारखी, कडेला उठावदार आणि मधे फिकट अशी चकती असेल तर गजकर्णाचाच विचार आधी करायचा. आणि इथेच मेडिकलवाल्याकडची ती ट्यूब येते, ज्यात स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं तिन्ही एकत्र असतं. दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूश होतो, आणि खाली बुरशी आरामात पसरते. नंतर ती इतकी विचित्र दिसते की आम्हालाही पटकन ओळखू येत नाही. २०१८ मध्ये सरकारनं अशी बरीच स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला. नियम कागदावर आहे, ट्यूब काउंटरवर आहे. तुम्ही ‘कुठलं तरी मलम लावते, तेवढ्यापुरतं बरं वाटतं’ असं लिहिलंय, त्याचं नाव बघा. नावात किंवा बारीक अक्षरांत क्लोबेटासॉल, बेक्लोमेटासोन, बीटामेथासोन असं काही असेल तर ट्यूब घेऊन डॉक्टरकडे जा. खूप दिवस लावत असाल तर एकदम थांबवल्यावर भडकतं, त्यामुळे कसं थांबवायचं ते विचारून घ्या.

पट्ट्याखाली मऊ सुती बनियन घाला, पट्टे दोन ठेवा म्हणजे एक धुवून वाळत घालता येईल, आणि तुमच्या हाडांच्या डॉक्टरांना विचारा की तीन वर्षांनंतर तो दिवसभर घालायची खरंच गरज आहे का. बऱ्याच जणांना नसते, पण त्यांना कुणी काढायला सांगितलेलंच नसतं.

चोळायच्या गोष्टींबद्दल लिहायला बसले तर वेगळं पान लागेल. बाम, स्प्रे, जेल, सांधेदुखीची तेलं, यांतल्या मेंथॉल-विंटरग्रीनपासून सुगंधापर्यंत कशाचीही अ‍ॅलर्जी होऊ शकते, आणि गंमत म्हणजे महिनोन् महिने सोसलेली गोष्टही एक दिवस अचानक सोसेनाशी होते. “हे तर मी वर्षभर लावतेय” हा पुरावा धरत नाही मी. काही वेदनाशामक जेल, विशेषतः कीटोप्रोफेनचं, लावून उन्हात गेलं तर तेवढ्याच भागावर लाल चट्टा येतो. लसूण वाटून बांधणारे असतात. आणि गावाकडून कुणी बिब्बा घातलेलं तेल पाठवलं असेल तर ते कपाटातही ठेवू नका. बिब्ब्याचा चटका म्हणजे काय हे मी एका रिक्षावाल्या काकांच्या पोटरीवर बघितलंय: काळा डाग, भोवती फोड, आणि लस जिथे जिथे ओघळली तिथे तिथे रेघ. नसेचं दुखणं होतं तेवढंच राहिलं, वर तीन आठवडे ड्रेसिंग.

हात आणि गळा मात्र मला सगळ्यात जास्त खुणावतात. तुम्ही म्हणता की डॉक्टरांनी चालायला सांगितल्यापासून रोज सकाळी तळजाईच्या टेकडीवर जाता, आणि पावसाळा सुरू झाल्यापासून पापण्या, मानेचा कडेचा भाग, कोपरांच्या खोबणी खाजतात. पुण्यात असं पुरळ दिसलं की मी पहिला प्रश्न विचारते तो गाजरगवताचा, म्हणजे आपल्या काँग्रेस गवताचा. परक्या मुलखातलं हे झाड आपल्या देशात पहिल्यांदा नजरेत आलं तेच मुळी पुण्यात, १९५५-५६च्या सुमारास, आणि मग सगळीकडे पसरलं. पांढऱ्या बारीक फुलांचं, पावसानंतर मोकळ्या प्लॉटवर, टेकडीच्या पायवाटेला, कॅनॉलच्या कडेनं कमरेएवढं वाढतं. त्याला हात लावायचीही गरज नसते. वाळलेले कण हवेतून उडतात आणि उघड्या अंगावर बसतात, म्हणून चेहरा, पापण्या, मान, हात. ब्लाउजच्या किंवा ओढणीच्या आतला भाग बराचसा वाचतो. ज्यांना त्याची अ‍ॅलर्जी असते त्यांना कधी कधी शेवंतीही चालत नाही, कारण दोघी एकाच कुळातल्या. घरी गौरी-गणपतीत हार करायला तुम्हीच बसत असाल आणि त्यानंतर हात उठत असतील तर तेही नोंदवून ठेवा.

याची खात्री होते पॅच टेस्टनं. पाठीवर छोट्या छोट्या चकत्या चिकटवतात, साधारण दोन दिवसांनी काढतात आणि आणखी एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही, घाम येऊ द्यायचा नाही, म्हणून मी ती शक्यतो एप्रिल-मेमध्ये करत नाही. रक्तातून शंभर-दोनशे पदार्थांची ‘अ‍ॅलर्जी’ सांगणारी महागडी पॅनेल ही वेगळीच गोष्ट, ती या कामाची नाहीत. ती करून आलेले लोक वांगं, शेंगदाणे, दूध, सगळं सोडून बसलेले असतात आणि पुरळ जिथल्या तिथे. टेस्ट पॉझिटिव्ह आली तर चालणं बंद करू नका, नसेला ते हवंच आहे. रस्ता बदला, पूर्ण बाह्यांचं घाला, घरी आल्या आल्या तोंड-हात धुवा, टेकडीवरचे कपडे पलंगावर टाकू नका.

‘पित्त’ म्हणजे गांधी. आमसुलाच्या पाण्याला माझा विरोध नाही, गार लागतं, बरं वाटतं. पण आधी ते पित्त आहे का हे बघू. एक साधी युक्ती: उठलेल्या गांधीभोवती बॉलपेननं गोल काढा आणि वेळ लिहा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बघा. चोवीस तासांच्या आत ती जागा पूर्ण साफ झाली आणि दुसरीकडे नवी उठली, तर गांधी. तीच जागा दोन-तीन दिवस राहिली, दुखली, मागे जांभळट डाग ठेवून गेली, तर वेगळा विचार. काचेचा पेला दाबून बघा: दाबल्यावर लाली गेली तर बहुधा साधं, बारीक लाल-जांभळे ठिपके तसेच राहिले तर रक्तवाहिन्यांच्या सुजेची शंका घ्यायची आणि लवकर दाखवायचं. तो आजार नसाही बिघडवतो.

खऱ्या गांधी असतील आणि तुम्ही मधेच आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा अ‍ॅस्पिरिन घेत असाल, तर त्या भडकण्याचं ते नेहमीचं कारण आहे. ट्रॅमाडॉलसारख्या गोळ्यांनीही खाज सुटते. हे विचारलं की पेशंट म्हणतात “मी काही घेत नाही”, आणि पर्समध्ये डायक्लोफेनॅकची अर्धी स्ट्रिप निघते. पेनकिलरला लोक औषधात धरतच नाहीत. सहा आठवड्यांपेक्षा जास्त चाललेल्या गांधींचं बाहेरचं कारण बहुतेकांत सापडत नाही, तरी त्या औषधानं आटोक्यात राहतात. कारण सापडलं नाही म्हणजे उपाय नाही असं होत नाही.

तुमच्या रात्रीच्या गोळीबद्दल न्यूरोचे डॉक्टर बहुधा बरोबर आहेत, पण ‘बहुधा’. प्रीगॅबालिननं पाय सुजतात, वजन वाढतं, पुरळ त्यामानानं कमी. नॉरट्रिप्टिलिनची जात कधी कधी कातडीला ऊन सोसू देत नाही. मी विचारेन ते तारखा. गोळी कधी सुरू झाली, डोस कधी वाढला, कंपनी कधी बदलली, पुरळ कधी आलं. औषधाचं पुरळ बहुतेकदा सुरू केल्यापासून काही दिवस ते दोन महिन्यांत येतं. तीन वर्षं तीच गोळी आणि पुरळ पाच महिन्यांचं, तर संशय कमी. आणि स्वतःहून गोळी एकदम बंद करू नका. प्रीगॅबालिन अचानक तोडलं की झोप उडते, घाम, घबराट, आणि दुखणं दुप्पट वाटायला लागतं. मग कुणालाच कळत नाही की काय कशामुळे.

एक गोळी मात्र तुम्ही ‘व्हिटॅमिनची’ म्हणून यादीत धरलीच नाहीत. नसेसाठी म्हणून मिथाइलकोबालामिनची, म्हणजे बी-१२ची, इंजेक्शनं, त्यात बी-६, असं आपल्याकडे सर्रास चालतं. बी-१२च्या मोठ्या डोसनं चेहऱ्यावर-पाठीवर मुरमांसारखे फोड येतात, आणि बी-६ जास्त दिवस जास्त घेतलं तर तेच नसा खराब करतं. बी-१२ खरंच कमी असेल तर घ्यायलाच हवं. शाकाहारी लोकांत आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ही कमतरता बरीच दिसते. पण तपासून, मोजून.

आणि हो, जिथे पुरळ आधी नसतंच, खाजच आधी येते, असाही प्रकार आहे. पाठीवर खांद्याच्या पात्याच्या आतल्या बाजूला, हात जेमतेम पोचतो अशा जागी सतत खाज. दाबलेल्या नसेची खाज ती. अ‍ॅलर्जीच्या गोळीला ती दाद देत नाही. माणूस दाराच्या चौकटीला पाठ घासतो, नायलॉनच्या घासणीनं चोळतो, आणि सहा महिन्यांनी तिथे काळपट, लाटांसारखा डाग पडतो. मग त्या डागावर उपचार चालू होतात. खाजवल्यावर बरं वाटतं कारण ओरखड्याची वेदना खाजेचा निरोप क्षणभर दाबते. त्या जागी बर्फाचा गार कपडा, मेंथॉलचं सौम्य लोशन, आणि कधी कधी तुम्ही घेता तीच प्रीगॅबालिन कामाला येते.

आता ज्या आजारांत नस आणि कातडी खरोखर एकाच कारणानं बिघडतात, त्यांतला एक मी स्वतः चुकवलाय. दहाएक वर्षांपूर्वीची गोष्ट. चाळिशीचे गृहस्थ, हाताच्या करंगळीकडे मुंग्या आणि कळा, मानेच्या मणक्याचा एमआरआय घेऊन फिरत होते. माझ्याकडे आले ते पोटावरच्या फिकट चट्ट्यांसाठी. मी बुरशी म्हणून दोन महिने मलम दिलं. तिसऱ्या वेळी कशावरून तरी मी चट्ट्यावर कापसाची वात फिरवली, डोळे मिटायला सांगून. त्यांना कळलंच नाही. मग कोपराच्या आतल्या बाजूची नस चाचपली, ती दोरीसारखी जाड लागली. कुष्ठरोग. २००५च्या अखेरीस आपल्या देशानं हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपल्याचं जाहीर केलं, म्हणजे दर दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण. लोकांनी, आणि आम्हा डॉक्टरांनीही, त्याचा अर्थ ‘संपला’ असा घेतला. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, सहा महिने किंवा वर्षभर, आणि माणूस पूर्ण बरा होतो. त्या गृहस्थांच्या करंगळीतली शक्ती मात्र पूर्ण परत आली नाही. त्या दोन महिन्यांचा त्यात किती वाटा, ते मला आजही टोचतं. तेव्हापासून नसेचं दुखणं आणि चट्टा एकत्र दिसला की कापूस फिरवल्याशिवाय मी चिठ्ठी लिहीत नाही. तुमच्या डॉक्टरांनी फिरवला नसेल तर तुम्ही स्वतः सांगा फिरवायला.

दुसरा आजार नागीण. अंगाच्या एकाच बाजूला आधी आग-कळा, मग दोन-चार दिवसांनी पट्ट्यात फोडांचे घोस. तुमचं तसं वाटत नाही, पण नेहमीच्या पायदुखीत अचानक वेगळी जळजळ आणि फोड दिसले तर ७२ तासांच्या आत औषध सुरू व्हायला हवं. गेरूचा लेप देत बसू नका, आणि तोंड-शेपूट जुळण्याची भीती कुणी घातली तर हसून सोडून द्या. मधुमेहाची तपासणी वर्षाच्या आत झाली नसेल तर तीही करून घ्या.

रोजच्या जगण्याचं सांगते, कारण कारणं शोधेपर्यंत रात्र काढायचीच असते. नसेच्या दुखण्यात कातडीला नुसता पदर लागला तरी झोंबतं, आणि आम्ही सांगतो ‘क्रीम चोळा’. चोळू नका. अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच क्रीम तळहातावर पसरून तळवा दाबून ठेवा, उचला, पुढे ठेवा. हलका फिरता स्पर्श झोंबतो, पण स्थिर दाब बऱ्याच जणांना चालतो. पाणी कोमट. उटणं, डेटॉल, सुगंधी साबण सध्या नको. नखं कापलेली. जुनं, धुवून मऊ झालेलं सुती कापड पायाखाली घ्या. खाजेची गोळी घ्यायची तर झोप आणणारी जुनी जात टाळा. प्रीगॅबालिन आणि नॉरट्रिप्टिलिनच्या वर ती पडली की रात्री बाथरूमला उठताना तोल जातो, आणि ऑपरेशन झालेल्या कमरेला पडणं परवडणारं नाही. किडनीचा त्रास असेल तर सेटिरिझिनचाही डोस विचारूनच.

एक वही करा. रोज चार ओळी पुरे: पुरळ कुठे, किती वेळ राहिलं, त्या दिवशी काय लावलं-घेतलं, झोप किती झाली. फोटो उजेडात, एक जवळून आणि एक लांबून, कारण डॉक्टरकडे जायच्या दिवशी ते हमखास गायब असतं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, दोन आठवडे. शेक, ट्यूब, जेल, टेकडी असं सगळं एका सोमवारी बंद केलंत तर बरं वाटेल, पण कशानं ते कळणार नाही. स्टेरॉइडची ट्यूब सोडून माझा क्रम असा असता: आधी जेल आणि तेलं, मग शेक, मग पट्टा.

झोप कमी झाली की खाज जास्त जाणवते आणि दुखणंही, त्यामुळे घरचे “मनाचं आहे” म्हणतात तेव्हा त्यांना एवढंच सांगा की तीन वर्षं नीट न झोपलेल्या माणसाची कातडीही चिडचिडी होते.

पुढच्या वेळी डॉक्टरकडे जाताना चिठ्ठ्यांची फाइल नेऊ नका, पिशवी न्या. घरातल्या सगळ्या ट्यूब, तेलं, स्ट्रिप, पर्समधल्यासुद्धा, आणि तो पट्टा. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवा. एका जागी दाखवून मत पक्कं होत नसेल तर ससूनसारख्या मेडिकल कॉलेजच्या त्वचा विभागात जा. रांग असते, पण चार जण मिळून बघतात, आणि गरज पडली तर कातडीचा छोटा तुकडा काढून तपासतात.

तोपर्यंत मला एकच सांगा: मांडीवरचं ते जाळं उजव्या पायावरच आहे ना, आणि गरम पिशवी तुम्ही नेमकी कुठे ठेवता?